मिशिगन अव्हेन्यूवरील मोफत ब्लूज मैफली आणि त्यामागचे देणे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी उन्हाळ्यात महाराष्ट्रातील कितीतरी आई-वडील अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जातात. मीही गेली काही वर्षे शिकागोला मुलाकडे जात आहे. शिकागोला आलेल्या मराठी माणसाचे पाय मिशिगन अव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटकडे हमखास वळतात, कारण स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत भाषण केले ते याच वास्तूत. तेथे नमस्कार करून, छायाचित्र काढून आपण मागे फिरतो. त्याच रस्त्याने दक्षिणेकडे जेमतेम तीन किलोमीटर गेले, तर २१२० क्रमांकाची एक साधी दुमजली इमारत लागते. तिला लागून असलेल्या छोट्या बागेत उन्हाळ्याच्या महिन्यांत गुरुवारी संध्याकाळी ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताची मैफल होते आणि ती ऐकायला तिकीट लागत नाही. या मैफलींविषयी आपल्या वाचकांना काही सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र.

ही इमारत म्हणजे चेस रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीचे जुने ठाणे. पोलंडमधून लहानपणी अमेरिकेत आलेल्या लेनर्ड आणि फिल चेस या ज्यू भावांची ही कंपनी १९५७ मध्ये या जागेत आली आणि पुढची सुमारे दहा वर्षे तिच्या वरच्या मजल्यावरील स्टुडिओत मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी, एटा जेम्स, कोको टेलर अशा कलावंतांचा आवाज मुद्रित झाला. रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा तरुण वाद्यवृंद १९६४ च्या जूनमध्ये येथे ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हा त्याने या इमारतीच्या पत्त्यालाच आपल्या एका वाद्यरचनेचे नाव दिले. मराठी वाचकांना अधिक जवळची वाटेल अशीही एक गोष्ट आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी बसवून अंतराळात पाठवली गेली, तिच्यात आपल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर चक बेरीचे ‘जॉनी बी. गुड’ आहे, जे १९५८ मध्ये चेस कंपनीने मुद्रित केले, आणि अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याचे १९२७ मधले शब्दांविना केलेले गुणगुणणेही आहे. चक बेरीच्या त्या गाण्यात बास हे खर्जाचे तंतुवाद्य वाजवणारे विली डिक्सन यांच्याच नावाने चालणारी संस्था, विली डिक्सन्स ब्लूज हेवन फाउंडेशन, आज ही वास्तू सांभाळते आणि बागेतल्या मैफली भरवते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाश्चात्त्य संगीत आपल्याला कितपत कळेल याची धाकधूक होती. काही श्रोते घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते, काही कुंपणाला टेकून उभे होते, आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज अधूनमधून गाण्यात मिसळत होता. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यातच ठेक्याचे गणित हाताला लागले. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन, आणि त्यात तीन ओळी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा थोडी वळवून गायची, आणि तिसऱ्या ओळीत त्या दोहोंचे उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ आपल्या वाट्याची जागा संपण्याआधीच थांबते आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन गायकाला जबाब देतो. ज्याने मैफलीत गायक आणि सारंगीची संगत जीव लावून ऐकली आहे, त्याला हा संवाद परका वाटत नाही.

सुरांचेही तसेच. ब्लूजमधला गंधार ना पुरता कोमल असतो, ना पुरता शुद्ध. तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी लागतो, आणि निषादही तसाच. पियानोच्या पट्टीवर हा सूर सापडत नाही. म्हणून गिटारची तार बोटाने ओढून किंवा तिच्यावरून काचेची नळी सरकवून तो काढतात, आणि ती सरकती नळी ऐकताना मींड आठवल्यावाचून राहत नाही. या दोन संगीतांचे नाते जोडण्याचा माझा दावा नाही. पण श्रुतींचा भेद ऐकायला सरावलेल्या आपल्या कानांना ब्लूजचे हे मर्म लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणूनच आपल्या माणसांनी या बागेत अधिक संख्येने जावे असे मला मनापासून वाटते.

मात्र तेथे जाण्याआधी हे संगीत कोठून आले, हे ठाऊक असायला हवे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा तिथली गुलामी कायद्याने संपून आठ वर्षे झाली होती. कायद्याने ती संपली, पण जमीन काही मुक्त झालेल्यांच्या नावावर झाली नाही. मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या सपाट मुलखात ही माणसे मालकाची जमीन बटईने कसू लागली, बी-बियाणे आणि किराणा मालकाच्याच दुकानातून उधार घेऊ लागली, आणि हंगाम संपल्यावर हिशेबात बहुधा देणेकरीच ठरू लागली. सावकारी पाश काय असतो हे महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. शेतात काम करताना एकाने हाळी द्यायची आणि इतरांनी ओ द्यायची, चर्चमध्ये धर्मगुरूच्या ओळीला सगळ्यांनी प्रतिसाद द्यायचा, अशा सवयींतून आणि एकट्या माणसाच्या दुःखातून, थट्टेतून, प्रेमातून हे गाणे उभे राहिले.

ते शिकागोला आले ते रेल्वेने. मिसिसिपीतून निघणारी इलिनॉय सेंट्रल रेल्वे थेट शिकागोच्या बाराव्या रस्त्यावरील स्थानकात येत असे. आणि येथे एका वृत्तपत्राचा उल्लेख आपल्यासारख्या संपादकांपुढे करायलाच हवा. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे पत्र रेल्वेतील कृष्णवर्णीय कर्मचारी दक्षिणेत पोहोचवत असत. उत्तरेत काम आहे, मजुरी बरी आहे, तेव्हा निघून या, असे ते पत्र वाचकांना सांगत असे, आणि एकेक अंक हातोहाती फिरत असे. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९६० पर्यंत ही संख्या आठ लाखांच्या वर गेली. १९४३ मध्ये आलेला मडी वॉटर्स हा त्यांपैकीच एक. १९४१ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी त्याचे गाणे मिसिसिपीतील मळ्यावर मुद्रित केले, तेव्हा त्याच्या हाती साधी गिटार होती. शिकागोच्या गजबजलेल्या गुत्त्यांमध्ये तिचा आवाज पोहोचेना, म्हणून त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. कोको टेलर यांनी शिकागोत आल्यावर दिवसा श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी आणि साफसफाई केली, रात्री क्लबांमध्ये गायन केले, आणि विली डिक्सन यांनी लिहिलेल्या एका गाण्याने १९६६ मध्ये त्यांना देशभर नाव मिळवून दिले.

या संगीतात ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ काय, हे समजायचे तर शिकागोतील मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार आठवावा लागतो. तेथे दर रविवारी भरणाऱ्या बाजारात दक्षिणेतून नव्याने आलेले वादक आसपासच्या घरांतून आणि दुकानांतून वायर ओढून घेत, वीज जोडत आणि रस्त्यावरच गाऊ लागत. ऐकायला कोणालाही मज्जाव नव्हता, पण वादकापुढे डबा ठेवलेला असे आणि ऐकणाऱ्याने त्यात आपल्या ऐपतीप्रमाणे नाणे टाकावे अशी रीत होती. १९९४ मध्ये तो बाजार मूळ जागेवरून हलवण्यात आला. शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतील वस्त्यांमधले कित्येक जुने क्लबही एकेक करून बंद पडले, आणि पर्यटक जेथे जातात तेथे दारात प्रवेशशुल्क द्यावे लागते. अशा वेळी ज्या लोकांच्या घरात हे गाणे जन्मले त्यांना ते विनामूल्य ऐकता येणे ही मला मोठी न्यायाची गोष्ट वाटते. शिकागो महानगराने १९८४ मध्ये, म्हणजे मडी वॉटर्सच्या निधनाच्या पुढच्याच वर्षी, सुरू केलेला ब्लूज महोत्सवही विनामूल्य आहे. तो सध्या जूनमध्ये मिलेनियम पार्कमध्ये होतो आणि तेथे प्रचंड गर्दी लोटते. माझे मत विचाराल तर महोत्सवाची भव्यता एकदा जरूर अनुभवावी, पण गायकाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळून ऐकायचे असेल, तर गुरुवारची बाग गाठावी.

आता देण्याविषयी. विली डिक्सन यांचा जन्म १९१५ मध्ये मिसिसिपीतील विक्सबर्ग येथे झाला. धिप्पाड देहाचा हा तरुण शिकागोत येऊन आधी मुष्टियोद्धा झाला, १९३७ मध्ये त्याने नवोदितांच्या गटात इलिनॉय राज्याचे गोल्डन ग्लव्ह्‌ज अजिंक्यपदही मिळवले, आणि पुढे तो बासवादक, गीतकार आणि चेस कंपनीचा आधारस्तंभ बनला. त्यांची गाणी इंग्लंडच्या वाद्यवृंदांनी जगभर गाजवली. त्यांतले एक रोलिंग स्टोन्सने गाऊन १९६४ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. परंतु गाण्यांच्या हक्कांचे करार असे होते की गीतकाराच्या हाती फार थोडे पैसे येत. १९७० च्या दशकात डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना चेस बंधूंशी संबंधित प्रकाशन कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. लेड झेपेलिन या विख्यात वाद्यवृंदाच्या १९६९ मधील एका गाण्यात आपल्या रचनेचे शब्द आहेत, म्हणून डिक्सन यांनी १९८५ मध्ये पुन्हा दावा लावला, आणि १९८७ मध्ये तडजोड होऊन त्यांना त्यांचे श्रेय आणि मोबदला मिळाला. तेव्हा ते सत्तरीपार होते. हक्कांच्या या लढाईत इतर वृद्ध कलावंतांना आणि त्यांच्या वारसांना मदत व्हावी, नव्या मुलांना हे संगीत शिकता यावे, यासाठी त्यांनी ब्लूज हेवन फाउंडेशन स्थापन केले. १९९२ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी मरी डिक्सन यांनी चेसची ती ओस पडलेली इमारत विकत घेतली आणि १९९७ मध्ये ती संस्थेची वास्तू म्हणून लोकांसाठी खुली झाली. पतीच्या रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षे ज्या कंपनीशी झगडावे लागले, तिचेच घर या बाईंनी घेऊन गाण्याला देऊन टाकले, हे मला फार मोलाचे वाटते.

हे सारे ठाऊक झाल्यावर बागेत बसून फुकट ऐकून उठून जाणे मला जमेना. या संगीताकडून जगाने पुष्कळ काही फुकट घेतले आहे. तेव्हा आपल्या वाचकांपैकी जे तेथे जातील त्यांनी मैफलीपूर्वी तिकीट काढून आतले संग्रहालय पाहावे, वरच्या मजल्यावरील स्टुडिओच्या खोलीत दोन मिनिटे थांबावे, आणि मॅक्सवेल स्ट्रीटची रीत स्मरून यथाशक्ति देणगी द्यावी. वादकांची नावे विचारून घ्यावीत आणि त्यांच्या तबकड्या मिळत असतील तर विकत घ्याव्यात.

आपणांस एक विनंती आहे. मराठी दैनिकांच्या प्रवास पुरवण्यांमध्ये शिकागोवरचे लेख येतात, तेव्हा त्यांत उंच इमारती असतात, सरोवर असते, विवेकानंदांची वास्तू असते. ब्लूजचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. गेल्या वर्षी आम्ही ज्या शिकागोदर्शनाच्या बसने फिरलो, तिच्या मार्गदर्शकानेही या इमारतीचे नाव काढले नाही. यापुढे आपल्या पुरवणीत शिकागोवर लेख येईल तेव्हा २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू हा पत्ता आणि विली डिक्सन हे नाव त्यात अवश्य असावे. शहरातील लोकल रेल्वेच्या ग्रीन लाइनच्या गाडीने सर्माक–मॅककॉर्मिक प्लेस या स्थानकावर उतरले की तेथून आमच्या वयाच्या माणसांनाही सहज चालत जाता येते. मैफलींच्या तारखा संस्था दर उन्हाळ्यात जाहीर करते. त्या हाती येताच आपण छापल्या, तर जूनमध्ये निघणाऱ्या आई-वडिलांना सामान बांधतानाच गुरुवार मोकळा ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
पुणे (सध्या मुक्काम शिकागो)