उत्तर बांधाचा रकाना यंदा कोरा राहू नये : पाणपक्षी मोजणीसाठी मंडळाचे आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि खाडीवर जीव असणाऱ्या सर्वांना सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या कपाटातली मोजणीची वही आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळली आहे. कापडी पुठ्ठ्याची, खारे पाणी लागून कडा फुगलेली, आतली सगळी अक्षरे पेन्सिलीची. गुरुजींचा दंडक होता की खाडीवर शाई चालणार नाही, एक शिंतोडा उडाला की वर्षाची नोंद वाहून जाते. त्या वहीत गेल्या जानेवारीच्या पानावर उत्तर बांधाचा रकाना कोरा आहे. शून्य नाही, कोरा. शून्य लिहायला माणूस तिथे जावा लागतो, उभा राहून खाडी न्याहाळावी लागते, आणि मग पक्षी नसला तर नाही म्हणून लिहावे लागते. कोऱ्या रकान्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी तिथे कुणी गेले नाही. ती भरती परत येत नाही आणि तो रकाना आता कधीच भरता येणार नाही. सचिव म्हणून ते पान उघडताना मला वाईट वाटते, म्हणून यंदा आवाहन लवकर काढत आहे.

मोजणी कुणी सुरू केली हे जुन्यांना सांगायला नको, पण नव्या मंडळींना माहीत असायला हवे. गुरुजी निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या पैशांतून दुर्बीण घेतली आणि शाळेतल्या चार मुलांना घेऊन मिठागराच्या बांधावर जाऊन बसले. चिखलातल्या करड्या-तपकिरी पाखरांकडे तोवर आम्ही कुणी धड पाहिलेही नव्हते. रोहित (फ्लेमिंगो) तेवढे सगळ्यांना ठाऊक. टिलवा कुठला, तुतारी कुठली, चिखल्या कुठला, हे गुरुजींनी शिकवले. मोजायलाही त्यांनीच शिकवले. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्या दहांनी थव्यात केवढी जागा अडवली आहे ते डोळ्यांत साठवायचे, मग तेवढाच तुकडा पुढे पुढे सरकवत न्यायचा. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा. घाई केली की माणूस हमखास कमी मोजतो, हेही त्यांचेच सांगणे. एकदा पाणघार वरून गेली आणि अर्धा मोजून झालेला टिलव्यांचा थवा एकदम उठला. आकाशात पांढरा, वळला की काळा, पुन्हा पांढरा. आम्ही तोंडे वर करून बघत राहिलो. थवा बांधावर परत बसेपर्यंत गुरुजी थांबले आणि एवढेच म्हणाले, "पहिल्यापासून." त्या दिवशी आम्ही तो थवा तीन वेळा मोजला.

तांडेल काकांचे ऋण तर फिटणारेच नाही. कितीतरी वर्षे त्यांनी आपली होडी मोजणीच्या दिवशी भाडे न घेता दिली, वर डिझेलही स्वतःचेच. पण होडीपेक्षा मोठे देणे म्हणजे त्यांनी आम्हाला पाणी समजावले. आम्ही सुरुवातीला ओहोटीला जायचो, कारण तेव्हा पक्षी चरताना दिसतात. काकांनी सांगितले, ओहोटीला पाखरू मैलभर चिखलात पांगते, ते काय मोजाल? भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत उंच जागेवर आणते, तिथे गाठा. आणि तेही उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत चिखल पुरता बुडत नाही, पक्षी बांधावर येतच नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आपल्याकडे भरती साधारण भर दुपारी लागते, म्हणून आपली मोजणी अकरा ते दोन असते. नवीन मंडळी उन्हाबद्दल कुरकुर करतात, त्यांनी हे कारण लक्षात घ्यावे. बाराच्या उन्हात दुर्बिणीत हवा थरथरते आणि लांबचा लाल पाय आणि हिरवा पाय एकसारखे दिसायला लागतात. त्याला उपाय जवळून मोजण्याचा, आणि जवळ जायला होडी.

एका काकूंनी यजमानांच्या माघारी त्यांची मोठी दुर्बीण तिवईसकट मंडळाला दिली. त्या आल्या, कपाटासमोर उभ्या राहिल्या, दुर्बिणीवरचा रुमाल नीट घडी करून परत नेला. त्या दुर्बिणीने आपल्याला कालवफोड्या दाखवला, उचाट्यांचे थवे दाखवले. छापखान्याच्या काकांनी मोजणीचे तक्ते दरवर्षी फुकट छापून दिले, त्यांच्या मागे मुलानेही ती परंपरा मोडली नाही. आणि खाडीत कालवे, शिंपल्या काढणाऱ्या ताई-मावशींचे नाव देणगीदारांच्या फलकावर कुठे नाही, पण जुन्या मिठागरात तिवरे दाटली आणि पक्षी तिथे बसेनासे झाले, हे आधी त्यांनी सांगितले. पक्ष्याला चहूबाजूंनी मोकळे दिसायला हवे असते, झाडीत शत्रू लपतो. आम्ही दोन वर्षे चुकीच्या ठिकाणी पक्षी शोधत होतो.

"पक्षी मोजून काय मिळते?" हा प्रश्न अजूनही येतो, म्हणून सांगतो. मिठागरामागच्या पाणथळीत राडारोड्याचा भराव पडायला लागला, तेव्हा बैठकीत असे सांगण्यात आले की तिथे पक्षी येतच नाहीत, ती पडीक जागा आहे. आपल्या माजी अध्यक्षांनी पिशवीतून ही वही काढून टेबलावर ठेवली. एका जागेची, ओळीने इतक्या जानेवारींची नोंद. पाने उलटून झाल्यावर त्या खोलीत पडीक हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. तो तुकडा आजही मोकळा आहे. आमच्याकडे फोटो पुष्कळ होते, पण त्या दिवशी उपयोगी पडली ती वही.

आणि ही वही आपल्यापुरती नाही. जगभर हिवाळ्यात पाणपक्षी मोजण्याचे काम १९६७ पासून चालू आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ मध्ये भारतीय उपखंडातून सुरू झाली आणि तेव्हापासून दर जानेवारीला होते. जानेवारीच का, तर तेव्हा स्थलांतर थांबलेले असते, पक्षी आपापल्या हिवाळी मुक्कामावर स्थिरावलेले असतात आणि तोच पक्षी दोन ठिकाणी मोजला जाण्याची शक्यता कमी. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था हे आकडे एकत्र करते, आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी त्यात सोबत आहे. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, एखादी पाणथळ घ्यायची तर त्यातल्या एका निकषानुसार तिथे नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असावे लागतात. दुसऱ्यानुसार, एखाद्या पक्ष्याच्या एका समुदायातले १ टक्का पक्षी तिथे नियमितपणे असले तरी पुरते. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये त्या यादीत गेली. कशाचाही १ टक्का काढायचा तर आधी एकूण माहीत हवे, आणि ते एकूण आपल्यासारख्यांच्या पेन्सिलीतूनच गोळा होते.

ज्यांना वाटते की एक वर्ष चुकले तर काय बिघडले, त्यांच्यासाठी एकच गोष्ट. पातळ चोचीचा कोरल नावाचा पक्षी होता, आपल्याकडच्या कोरलाचाच भाऊबंद. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या पाणथळीत दिसला, ती त्याची शेवटची खात्रीची नोंद. पुढे लोक त्याला देशोदेशी शोधत राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, किनाऱ्यावरच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या १६ जातींना अधिक धोक्याच्या वर्गात टाकले गेले. त्यात कर्ल्यू सँडपायपर आहे, म्हणजे आपली बाकचोच तुतारी, सैबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालून आपल्या चिखलात हिवाळा काढणारी. हे पक्षी अजून थव्यांनी दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यांची घट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ती रकान्यांची बेरीज केल्यावर कळते.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षीही याच सुमारास आवाहन काढले होते. निरोपाखाली "नक्की येतो" लिहिणारे बरेच होते. रविवारी सकाळी जेट्टीवर आम्ही सात जण होतो. अर्धा तास वाट पाहिली, फोन केले, तोवर पाणी चढायला लागले. तांडेल काका आता होडी काढत नाहीत, भाड्याच्या होडीचे पैसे जमले नव्हते, आणि काकूंच्या दुर्बिणीच्या भिंगात आतून बुरशी धरली होती. सात जणांनी दक्षिण बांध, मिठागर आणि जेट्टीचा काठ केला. उत्तर बांध राहिला. पलीकडे काठावर पांढरी रेघ दिसत होती, ती उचाट्यांची की कुरवांची, किती शेकड्यांची, हे आम्हाला इथून सांगता येईना. पाणी उतरू लागले तशी ती रेघ विरत गेली. पुढच्याच महिन्यात रोहितांचे फोटो काढायला त्याच जेट्टीवर उभे राहायला जागा नव्हती. आलेल्यांबद्दल तक्रार नाही, खाडी सगळ्यांची आहे. पण त्यातल्या चार जणांनी जानेवारीत तीन तास दिले असते तर पान पुरे झाले असते. मन दुखावले हे लपवत नाही. आपलीच माणसे आहेत म्हणून बोललो.

यंदा काय हवे ते सांगतो. उत्तर बांधासाठी होडीचे भाडे आणि डिझेल. दुर्बिणीच्या भिंगाची दुरुस्ती, आणि ती होण्यासारखी नसेल तर नवी मोठी दुर्बीण (काकूंना विचारूनच). हातात धरायची चार मोजणीयंत्रे, तक्त्यांच्या पाट्या, पेन्सिली. निधी मंडळाच्या बँक खात्यात किंवा कोषाध्यक्षांकडे रोख, पावती त्याच दिवशी. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे व खोलीबाहेरच्या फलकावर आहे. रक्कम लहान-मोठी पाहिली जात नाही. माणसे किमान सोळा हवीत, चार ठिकाणी चार-चार. पक्षी ओळखता येत नसले तरी या, एकाने सांगायचे आणि एकाने लिहायचे असते, लिहिणारा नेहमीच कमी पडतो. मोजणी जानेवारीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी, उधाण ज्याच्या जवळ पडेल त्या दिवशी. तारीख फलकावर लागेल. आदल्या रविवारी खोलीत शिकवणी. कपडे मातकट रंगाचे, पांढरे व भडक नकोत. ड्रोन आणि कुत्री आणू नयेत, थवा एकदा विनाकारण उठला की पक्ष्याची ताकद वाया जाते आणि आपली मोजणीही. डोक्याला टोपी, पायात चिखलात चालणारे काहीतरी. होडीत सहापेक्षा जास्त जण घेणार नाही, पोहता येणाऱ्यांनी आधी कळवावे. लहान मुलांसोबत पालक हवेत. नावे डिसेंबरअखेर सचिवांकडे द्या, आणि दिले तर या.

आपला,
सचिव

ता. क. मागे ज्यांनी ज्यांनी मोजणी केली आणि ज्यांचा तक्ता वहीत उतरवायचा राहून गेला, त्यांनी तो घरात एकदा शोधावा. ओला होऊन वाळलेला, घडीवर फाटलेला, अर्धाच भरलेला असला तरी चालेल. पेन्सिलीचे आहे, वाचता येईल.