जेवायला अकरा, वाढपी सव्वीस

पुणे, १२ जुलै

प्रिय विनू,

वर्डप्रेसवर बांधलेल्या तुझ्या साइटचं लॉगिन पाठवलंस, काल रात्री उघडलं आणि कपाळाला हात लावला. अरे मर्दा, ११ लेखांना २६ प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली २६ जादा अवजारं! जेवायला अकरा माणसं आणि वाढपी सव्वीस. तू माझ्याकडे ‘चांगल्या प्लगइन्सची यादी’ मागितली होतीस. तुझ्या अंगणात आधीच जत्रा भरलीय, त्यामुळे आधी कोणाला निरोप द्यायचा ते सांगतो.

दोन्ही स्लायडर (फोटो सरकवत दाखवणारे) काढ, एकही वापरलेला नाहीस. शेअरची बटणंही काढ. आपली मंडळी लिंक सरळ व्हॉट्सॲपवर चिकटवतात. साइटमॅपचं (सर्च इंजिनांसाठी पानांची यादी करणारं) प्लगइन नको, कारण ते काम वर्डप्रेस २०२० पासून (५.५ आवृत्ती) स्वतःच करतं. फोटो वाचक खाली येईल तसे उघडण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली. साइटचा साचा नव्या ‘ब्लॉक थीम’चा असेल तर फाँटचं प्लगइनही २०२४ च्या ६.५ नंतर गरजेचं राहिलेलं नाही. ज्या लेखात वाचून तू ही सगळी बसवलीस तो बहुधा जुना असणार.

वाचनवेळ दाखवणारं तर आजच काढ. माझ्याकडेही तसलंच एक होतं. साडेतीन हजार शब्दांच्या लेखावर दिसायचं, ‘१ मिनिटापेक्षा कमी’. बायको म्हणाली, बरोबर आहे, मी तेवढाच वाचला. नंतर कळलं की पीएचपीमध्ये (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यात) शब्द मोजायची जी तयार सोय आहे ती रोमन अक्षरंच ओळखते, देवनागरी तिच्या लेखी कोरं पान. तेव्हापासून प्लगइन कितीही नावाजलेलं असो, आधी एका मराठी लेखावर चालवून बघतो.

तुझ्या रंकाळ्यावरच्या लेखाचा पत्ता अर्धवट का, हे विचारलं होतंस. शीर्षक ‘कोल्हापूरच्या रंकाळ्यावरची संध्याकाळ’, पत्ता ‘कोल्हापूरच्या-रंकाळ्याव’वर संपतो. यात प्लगइनचा दोष नाही. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्याला २०० जागा देतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात % च्या खुणा घालून सांकेतिक लिहिलं जातं, त्या धरून ते ९ जागा खातं. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. बावीस चिन्हांत खेळ खलास! पत्ते रोमन करून देणारी प्लगइन मिळतात, पण ११ लेखांसाठी कशाला? प्रत्येक लेखात जाऊन रोमन अक्षरांत दोन शब्द हातानं टाक. जुनी लिंक कुणी उघडली तर वर्डप्रेस त्याला नव्या पत्त्यावर आपोआप नेऊन सोडतं.

कॅशिंगची (पानं तयार ठेवून साइट लवकर उघडणारी) दोन आहेत, ती एकमेकांच्या पायात पाय घालताहेत. एकच ठेव. होस्टिंगवाल्याला विचार, सर्व्हर लाइटस्पीडचा असेल तर लाइटस्पीड कॅश, नाहीतर डब्ल्यूपी सुपर कॅश. स्पॅम प्रतिक्रिया अडवणारं अकिस्मेट राहू दे, कमाई नसलेल्या वैयक्तिक साइटला ते फुकट आहे. मात्र तपासणीसाठी प्रत्येक प्रतिक्रिया त्यांच्या सर्व्हरवर जाते, एवढं लक्षात ठेव. मला ते खटकतं, म्हणून मी प्रतिक्रिया एकेक बघून मंजूर करतो. येतात तरी किती!

आणि इतक्या गर्दीत बॅकअपचं एकही नाही! अपड्राफ्टप्लस घे आणि प्रती गूगल ड्राइव्हवर पाठव, त्याच होस्टिंगवर ठेवू नकोस. माझी साइट आणि तिची प्रत एकाच सर्व्हरवर होती, दोन्ही एकाच रात्री गेली. सात महिन्यांचं लिखाण मी मेलमधून उकरून काढलं.

पुढे काही नवं घ्यावंसं वाटलं तर प्लगइनच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते आधी बघ. वर्ष उलटून गेलं असेल तर मी हात लावत नाही. लोकांनी दिलेल्या चांदण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. प्लगइनला वेगळी खोली नसते रे, घराची किल्लीच त्याच्या हातात असते. २०१७ साली सुमारे २ लाख साइटवर चालणारं विजेटांचं (साइटच्या कडेच्या छोट्या चौकटींचं) एक प्लगइन मूळ लेखकानं विकलं. घेणाऱ्यानं अपडेटमधून त्यात स्पॅम घुसवलं, तेही असं की मालक लॉगिन करून बघेल तेव्हा काही दिसू नये, फक्त पाहुण्यांना दिसावं. आणि तुझा भाचा ती पैसे घेऊन मिळणारी प्लगइन ‘फुकटात’ उतरवून देतो म्हणाला ना? त्याला चहा पाजून परत पाठव.

काढताना घाई नको. आधी बॅकअप, मग एकेक बंद करून साइट बघायची, ठीक असेल तरच डिलीट. पांढरं पान आलं तर घाबरू नकोस. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंटच्या आत प्लगइन्स नावाचं फोल्डर आहे, त्याचं नाव बदललंस की सगळी एकदम बंद पडतात आणि तुला आत जाता येतं. काही प्लगइन गेल्यावरही डेटाबेसात आपलं सामान ठेवून जातात. ते तूर्त पडू दे.

रविवारी रात्री नऊनंतर फोन लाव, मीही लॅपटॉप उघडून बसतो. आणि रंकाळ्याचा दुसरा भाग कधी टाकतोयस? पहिला भाग भेळेच्या गाड्यापाशी सोडून गायब झालायस.

तुझा,
मध्या