पाळणाघरातल्या मावशींना, एका बाबाकडून

मावशी, नमस्कार.

गुडघ्यांमुळे तुम्ही पाळणाघर बंद केलंत असं कळलं आणि वाटलं, आता लिहायलाच पाहिजे. तुम्ही फोनवर फार वाचत नाही, तुमची मुलगी वाचून दाखवेल, पण तुमचे आभार सगळ्यांसमोर मानायचे होते म्हणून असं उघड पत्र.

आमची लेक यंदा पाचवीत गेली. माझ्या खांद्याला लागते आता. दप्तर स्वतः भरते आणि सकाळी "बाबा, जाते मी" म्हणून दार ओढून निघून पण जाते. तिला असं बिनधास्त जाताना बघितलं की तुमचीच आठवण येते, कारण निरोप कसा घ्यायचा हे ती आणि मी, दोघंही तुमच्या दारात शिकलो.

नऊ महिन्यांची असताना तिला तुमच्याकडे ठेवली, म्हणजे ऐन रडायच्या वयात. पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी मांडलं होतं की वस्तू डोळ्याआड झाली तरी ती कुठेतरी असते हे बाळाला साधारण 8 महिन्यांनंतर समजायला लागतं. म्हणजे बाबा कुठेतरी आहे हे कळतं, पण तो परत कधी येणार ते कळत नाही, मग रडू येणारच ना. हे सगळं मी खूप नंतर वाचलं, तुम्हाला ते न वाचताच माहीत होतं. जो तो आम्हाला सांगायचा की पोरगी खेळात रमली की हळूच सटकायचं. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "पळून नाही जायचं. तिच्याकडे बघा, टाटा करा, कधी येणार ते सांगा आणि मग निघा, दारात घुटमळू नका." आणि पाच वाजता येतो असं पण नाही सांगायचं, तिला घड्याळ कुठे कळतंय, "झोप झाली, खेळून झालं की बाबा येणार" असं सांगायचं. ती रडायची, तुम्ही तिला कडेवर घेऊन खिडकीत उभ्या राहायचात आणि थोड्या वेळाने माझ्या फोनवर तुमचा मिस्ड कॉल यायचा, म्हणजे रडं थांबलं. तो आल्याशिवाय माझं ऑफिसच्या कामात लक्ष लागायचं नाही. आमच्या घरात आजही कुणी न सांगता बाहेर जात नाही, अगदी खाली कचरा टाकायला गेलो तरी सांगून जातो!

मुलं किती भराभर वाढतात हे आकड्यांत तर कुठेही सापडतं. जन्माच्या वेळचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं, तीन वर्षांपर्यंत 20 दुधाचे दात येतात आणि सहाव्या वर्षाच्या आसपास ते पडायला पण लागतात. मेंदूचा जवळपास 90 टक्के आकार सहाव्या वर्षापर्यंत झालेला असतो. त्या वर्षांतले तिचे जागेपणीचे कितीतरी तास तुमच्या त्या दोन खोल्यांत गेले मावशी, आणि आम्ही दोघं नोकरीवाले, घरात तिसरं मोठं माणूस नाही, तरी ते तास आमच्या हातून सुटून गेले असं आम्हाला वाटत नाही, ते फक्त तुमच्यामुळे. संध्याकाळी तुम्ही कधी नुसतं "छान राहिली" म्हणून पोरगी हातात दिली नाहीत. आज खिडकीतल्या मुंगीच्या मागे मागे रांगत होती, आज शेजारच्या बाळाच्या हातातलं खेळणं ओढलं आणि तो रडल्यावर स्वतःच परत दिलं, असं काहीतरी रोज. घरी जाऊन मी तेच बायकोला सांगायचो.

आणि ती चप्पल. दोन वर्षांची असेल, चिकटपट्टीच्या सँडल होत्या, ती पायरीवर बसून जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढून पट्टी ओढायची, पट्टी भलतीकडेच चिकटायची, ती पुन्हा उचकटायची, ते सगळं उजव्या पायातली सँडल डाव्या पायात घालून. मी खाली वाकणार तेवढ्यात तुम्ही "थांबा, तिचं चाललंय ना" म्हणून मलाच तिच्या शेजारी पायरीवर बसवायचात. दिवसभराच्या धावपळीत मी तिच्याकडे नुसतं बघत बसलोय असा तेवढाच वेळ असायचा. तिच्या लहानपणातलं मला जे अगदी स्पष्ट आठवतं त्यातलं बरंचसं त्या पायरीवरचं आहे. धाकट्याच्या वेळी तर तुम्हाला सांगावं पण लागलं नाही, मी आपणहून बसायचो.

लोक पाळणाघर बघायला येतात तेव्हा आधी वेळ विचारतात, मग फी, मग सीसीटीव्ही आहे का ते. विचारावंच, त्यात चूक काही नाही. पण इतकी पोरं वाढवणाऱ्या बाईला "मुलं सांभाळते" एवढंच म्हणतात ना, ते मला मनापासून खटकतं. तुमच्याकडे शिकलेलं आम्हाला दुसरं कुणीही शिकवलं नसतं. थँक्यू मावशी, अगदी मनापासून.

येत्या रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं येतोय. तुमच्या मुलीला सांगून ठेवलंय. लेकीला तिची नवीन सायकल दाखवायचीय, तेव्हा प्लीज जिना उतरू नका, ती सायकल आम्ही वर घेऊन येऊ.

तुमचाच,
लेकीचा आणि धाकट्याचा बाबा