पाच युरोंच्या तिकिटाने व्हेनिस वाचेल?

महोदय,

व्हेनिसमध्ये रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८पासून जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा आकडा झळकतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०२२मध्ये ती ५० हजारांच्याही खाली आली. राहत्या शहराची अशी उतरती मोजणी वाचून जीव कळवळतो.

अवाढव्य क्रूझ जहाजांना २०२१मध्ये सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी झाली, ते उत्तमच झाले. २०२४पासून ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो शुल्क लागू झाले. पण एवढा खर्च करून युरोपला गेलेला माणूस पाच युरोंसाठी माघारी फिरेल का? खरे दुखणे घरांचे आहे. पर्यटकाकडून चार रात्रींत मिळणारे भाडे स्थानिक कुटुंबाने महिन्याला कुठून द्यायचे? मग घरमालक भाडेकरू काढतो आणि गल्लीतल्या भाजीवाल्याच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. बार्सिलोनाने नेमके इथेच बोट ठेवले आहे : २०२८पर्यंत तिथल्या दहा हजारांहून अधिक पर्यटक सदनिकांचे परवाने संपवायचे ठरले आहे. असे धाडस व्हेनिसनेही दाखवावे.

आपल्याकडच्या अनेक युरोप सहलींतही व्हेनिसच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. आयोजकांनी दोन शहरे कमी करावीत, पण तिथे एक रात्र मुक्काम ठेवावा, तोही हॉटेलात. कुणाच्या रिकाम्या केलेल्या घरात नव्हे.

– एक वाचक, पुणे