कर्शॉवर मारलेला शिक्का

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) क्लेटन कर्शॉ याच्या निवृत्तीवरील टिपण कालच्या क्रीडा पानावर वाचले. मराठी वृत्तपत्रात बेसबॉलला एवढी जागा मिळाली, याबद्दल आधी मनापासून आभार. मात्र 223 विजय, 3,052 स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणे) आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारे तीन साय यंग पुरस्कार दोन ओळींत उरकून टिपणकारांनी उरलेला मजकूर ‘मोक्याच्या सामन्यात कच खाणारा पिचर’ हा शिक्का मारण्यात खर्च केला आहे आणि पुरावा म्हणून 2017 च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेतला, ह्यूस्टनविरुद्धचा पाचवा सामना पुढे केला आहे. त्या सामन्याचे नाव काढायचेच होते, तर तिथे काय घडले तेही सांगायला हवे होते.

त्याच सिरीजच्या पहिल्या सामन्यात, 24 ऑक्टोबरला, लॉस एंजेलिसच्या भाजून काढणाऱ्या उकाड्यात कर्शॉने ह्यूस्टनच्या याच बॅटरांना सात इनिंग बांधून ठेवले होते. अकरा स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार खराब चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा बेस) नाही आणि धाव फक्त एक. पाच दिवसांनी ह्यूस्टनला गेल्यावर त्याच हाताने टाकलेले स्लायडर आणि कर्व्हबॉल हे वळणारे चेंडू मिळून 51 झाले आणि त्यांतल्या एकाच चेंडूवर बॅट हवेत फिरली. डॉजर्सची चार धावांची आघाडी गेली, पुन्हा मिळालेली तीन धावांची आघाडीही गेली आणि कर्शॉ पाचव्या इनिंगमध्येच मान खाली घालून बाहेर पडला. मी तो सामना पाहत होतो. इतका वळणारा चेंडू समोरचा माणूस शांतपणे सोडून देतो, हे कसे, याचे उत्तर त्या रात्री मला सापडले नाही.

ते उत्तर जानेवारी 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलच्या चौकशी अहवालातून मिळाले. मैदानाच्या मध्यभागी लांबवर लावलेल्या कॅमेऱ्यातून कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला सांगणाऱ्या कॅचरच्या बोटांच्या खुणा टिपायच्या, डगआउटशेजारच्या (खेळाडूंच्या बाकाशेजारच्या) पडद्यावर त्या वाचायच्या आणि वळणारा चेंडू येणार असेल तर कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवायचे, ही ह्यूस्टनची पद्धत होती आणि 2017 च्या प्लेऑफमध्येही (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतही) ती वापरली गेली, असे अहवाल सांगतो. व्यवस्थापक निलंबित झाले, पन्नास लाख डॉलरचा दंड झाला; खेळाडूंना मात्र शिक्षा झाली नाही आणि विजेतेपदही काढून घेतले गेले नाही. त्या पाचव्या सामन्यात कर्शॉने दिल्याची नोंद असलेल्या सहा धावाही पुसल्या गेल्या नाहीत. त्याच धावा आज आपले टिपणकार त्याच्याविरुद्ध मोजतात, याचे मला फार वाईट वाटले.

प्लेऑफमध्ये दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी साडेचारच्या आसपास आहे आणि 2019 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध लागोपाठ दोन होम रन त्याने खऱ्याखुऱ्या दिले, हे मी नाकारत नाही. पण मग 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने जिंकून दिलेले दोन सामनेही त्याच टिपणात यायला हवे होते.

‘लॉस एंजेलिसने ही कारकीर्द डोळे भरून पाहिली’ हे वाक्यही वस्तुस्थितीला धरून नाही. 2014 ते 2020 च्या वसंतापर्यंत केबल कंपन्यांच्या पैशांच्या भांडणात शहरातल्या बहुतांश घरांत डॉजर्सचे सामने दिसतच नव्हते. हीच त्याच्या ऐन भराची वर्षे. 18 जून 2014 चा, पंधरा स्ट्राइकआउटचा त्याचा नो-हिटर (विरोधी संघाला एकही हिट न देता जिंकलेला सामना) आमच्या घरी रेडिओवर ऐकावा लागला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, उजवा गुडघा उचलून तो जो क्षणभर थबकतो, ते रेडिओवर कसे दिसणार? त्या वर्षांची भरपाई आम्हाला कोणीही दिली नाही.

टिपणात 27 ऑक्टोबर 2025 च्या वर्ल्ड सिरीज सामन्याचा उल्लेख नाही. नेहमीच्या नऊऐवजी अठरा इनिंग चाललेल्या त्या सामन्यात बाराव्या इनिंगला बरोबरी, दोन बाद आणि तिन्ही बेसवर टोरंटोचे खेळाडू उभे असताना 37 वर्षांच्या कर्शॉला बोलावले गेले. आठव्या चेंडूवर टोरंटोचा बॅटर बाद झाला आणि डॉजर्स सामन्यात टिकले. तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा चेंडू ठरला. कच खाणाऱ्या पिचरच्या हाती अशा वेळी चेंडू देत नाहीत.

रविवारच्या पुरवणीत ह्यूस्टनच्या चौकशीची आणि या सामन्याची नोंद छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
सेरिटोस, कॅलिफोर्निया