चि. अक्षयला, चवथीनंतर

डिचोली, रविवार

चि. अक्षय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू गेल्यापासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर आपले दोघांचे जमत नाही. तू "बाबा, सोडा ना" म्हणतोस, माझा आवाज चढतो, मग आई फोन काढून घेते. म्हणून कागद घेतला. नेवऱ्यांचा डबा तसाच ओट्यावर राहिला. मनूने त्यातल्या दोन खाल्ल्या, बाकीच्यांना आई कुणाला हात लावू देत नाही.

आधीच सांगून ठेवतो, तुझ्या नोकरीचे मी या पत्रात काही विचारणार नाही. आईने तसे बजावले आहे.

लिहायचे आहे ते त्या फोटोबद्दल. गणपती पोचवून आपण घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी तू वाड्याच्या ग्रुपवर तो टाकलास. स्कूटरवर मागे बसलेली शेवंताकाकी, पुढे पाय ठेवायच्या जागी रेशनच्या तांदळाची गोणी, आणि खाली तुझी ओळ, "स्कूटरवरून फुकटचे तांदूळ, आपल्या करातून." चाळीस जण हसले. त्यात वाळपईचा तुझा मामाही होता. मी तेव्हा तुला जे बोललो ते जेवणाच्या पानावर बोलायला नको होते. त्याची माफी मागतो. पण बोललो ते खोटे नव्हते.

स्कूटर तिची नाही. सुलूच्या मुलीची आहे, ती कामावर जाताना काकीला दुकानापाशी सोडते आणि जमले तर परत आणते. पण हे सांगून मी तिची बाजू मांडतो आहे असे समजू नकोस. समज, स्कूटर तिचीच असती, तरी काय? आपल्याकडे एक बस चुकली की दुसरीची वाट बघत दुपार जाते. इथे स्कूटर म्हणजे माणसाचे पाय. पाय आहेत म्हणून कुणाचे पोट भरलेले असते का?

तुला आठवत नसेल, पण तुझ्या शाळेत माध्यान्ह आहाराची पावभाजी यायची ती तिच्या बचत गटाची. सकाळी सहाला ती वाटाणे शिजत घालायची. तू घरी येऊन आईला सांगायचास, "काकीची भाजी तुझ्यापेक्षा बरी." आई आठवडाभर फुरंगटून बसली होती. तेव्हा ते खाणे फुकटचे आहे असे तुला कुणी म्हटले नाही, आणि कुणी म्हटले असते तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. तू नंतर फर्मागुडीला शिकलास ते गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जावर. काजूबियांचा भाव पडला की वरची रक्कम सरकार देते, ती मी घेतो. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्यांना मदत मिळाली, तीही घेतली. आईला सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे येतात. हे सगळे बँकेत येते बाबा. पासबुक उघडून कोण बघतो? तांदळाची गोणी मात्र रस्त्यावरून आणावी लागते, म्हणून तिचा फोटो निघतो.

कर तू भरतोस हे मला मान्य आहे, तुझा मला अभिमानही आहे. पहिल्या पगाराची चिठ्ठी तू पाठवली होतीस ती मी पाकिटात ठेवली आहे. पण साबणाच्या वडीवर आणि चपलेवर ती बाईसुद्धा कर भरते. आणि हे धान्य कुणी दयेने देत नाही. २०१३चा कायदा आहे, माणशी महिन्याला पाच किलो. आधी तांदूळ तीन रुपये किलोने मिळायचा, १ जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसे घेत नाहीत. ती आणि नातू मिळून दहा किलो. दहा किलोत दोघांचा महिना निघतो का, आईला विचारून बघ.

खोटी कार्डे नसतातच असे मी म्हणत नाही. दुमजली घर बांधून दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणारे मी पाहिले आहेत. पांढरा तांदूळ विकून त्या पैशांत उकडा तांदूळ आणणारेही पाहिले. संशय असेल तर नागरी पुरवठा खात्याकडे तक्रार करता येते, ते चौकशी करतात. वाड्याचा ग्रुप चौकशी करत नाही. वाडा नुसता बघतो आणि ठरवून टाकतो.

बघ, मी पुन्हा भाषण देऊ लागलो. आई म्हणते, तुमचे पत्र म्हणजे ग्रामसभा. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगतो.

२०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हा तू लहान होतास. २०१८ तुला नीट आठवत असेल. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला सगळे थांबले. आमोण्याच्या धक्क्यावर माझी शेवटची ट्रिप झाली, खनिज ओतले आणि रिकामा ट्रक आणून दारात उभा केला. तो मग हललाच नाही. टायरांना चिरा गेल्या, केबिनमध्ये मांजरीने पिल्ले घातली, मागच्या फाळक्यावर घोसाळ्याचा वेल चढला. बँकेचा माणूस महिन्याला एकदा येऊन त्याच्याभोवती फिरून जायचा. त्याच वर्षी तू फर्मागुडीच्या होस्टेलला गेलास. मेसचे पैसे वेळेवर येत होते, त्यामुळे घरी काय चालले आहे हे तुला कळले नाही. कळू नये अशीच आमची इच्छा होती.

आईने मला न विचारता उत्पन्नाचा दाखला काढला आणि रेशनकार्ड बदलून घेतले. कार्डावर घरातल्या थोरल्या बाईचेच नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागते, त्यामुळे माझी सही लागली नाही. ती दुकानात जायची ते एकला दहा मिनिटे कमी असताना. दुपारच्या जेवणासाठी दुकान बंद होण्याच्या वेळी रस्त्यावर कुणी नसते. म्हापशाच्या साडीच्या दुकानाची निळी कापडी पिशवी असायची, वरून शेवग्याच्या शेंगा दिसतील अशा ठेवायची. तरी लोकांना कळलेच. "दारात ट्रक आणि हातात रेशनची पिशवी," असे कुणीतरी पोदेराच्या पावाच्या गाडीपाशी बोलले. मी उंडे न घेता घरी आलो आणि आईला म्हणालो, "तू माझी अब्रू घालवलीस."

ती काही बोलली नाही. तिने पेज वाढली. पानात तोर, मिठातली कैरी, ठेवली. मी जेवलो.

ज्याने बोलून दाखवले त्याचे नाव सात वर्षे माझ्या मनात आहे. आईला मी काय बोललो त्याची माफी मात्र मी आजवर मागितली नव्हती. मागच्या आठवड्यात मागितली. ती म्हणाली, "आता कशाला, भात करपेल." मनूला नोकरी लागल्यावर तिने स्वतः जाऊन ते कार्ड पुन्हा साधे करून घेतले, हेही तुला ठाऊक नसेल.

म्हणून तुझा फोटो मला झोंबला. त्या गोणीमागे मला काकी दिसली नाही, शेंगा वर ठेवून चालणारी तुझी आई दिसली.

आणि आणखी एक. विचारणार नाही म्हटले होते, विचारत नाहीच. पण तू चवथीला नेहमी तीन दिवस येतोस, या वेळी नऊ दिवस राहिलास. कंपनीची ती काळी बॅग बरोबर नव्हती. आणि बुधवारी सकाळी अकराला आईचा फोन तू पहिल्या रिंगला उचललास. एरवी त्या वेळेला "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज येतो. घरून काम असेल. असू दे.

काकीचे सांगायचे राहिले. फोटोनंतर ती दुकानात गेलीच नाही. महिना संपला की न उचललेले धान्य गेले, ते पुढच्या महिन्यात धरत नाहीत. मी तिच्या घरी गेलो. ती खळ्यात नातवाचे गणवेश वाळत घालत होती. म्हणाली, "नाका रे भाऊ, लोक फोटो काढतात." तू माझा मुलगा आहेस हे तिला ठाऊक आहे, तरी मला चहा दिला. गुरुवारी मी तिला माझ्या स्कूटरवर बसवून नेले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी रेशनच्या रांगेत पहिल्यांदा उभा राहिलो.

तिथे ते अंगठ्याचे मशीन आहे. काजूच्या फॅक्टरीत तिने बावीस वर्षे बिया सोलल्या, टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी जळून गुळगुळीत झाली आहे. अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराने पुसून पुन्हा ठेवला, लाल. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "दुसरे बोट बघू." तर्जनी, मधले बोट, मग डावा हात. प्रत्येक वेळी ती बोट तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घालायची. मागून एक तरुण म्हणाला, "लवकर करा." मी वळून त्याच्या हाताकडे पाहिले, मोबाईल आहे का ते. डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाला हिरवा दिवा लागला तेव्हा माझ्याच तळहातांना घाम सुटला होता. घरी येऊन तिने तांदूळ सुपात ओतून मला दाखवले. त्यात ते पोषणाचे म्हणून मिसळलेले वेगळे दाणे होते, शंभरात एक. ती आधी प्लास्टिक समजून वेचून टाकायची. मनूने समजावल्यापासून टाकत नाही.

फोटो तू काढून टाकलास हे मनूने सांगितले. बरे केलेस. पण लोकांनी पाहायचा तो पाहिला. दिवाळीला येशील तेव्हा फोवाचे, पोह्यांचे ताट घेऊन तू तिच्याकडे जा. मी बरोबर येणार नाही. काय बोलायचे ते तूच ठरव.

मला भीती वेगळीच वाटते, अक्षय. तू माझ्यावर गेला आहेस. हात पुढे करणाऱ्याला जो हसतो, त्याच्यावर तशी वेळ आली तर तो उपाशी झोपेल पण घरी कळवणार नाही. मी तसा होतो. आई नसती तर मी त्या ट्रकच्या केबिनमध्येच बसून राहिलो असतो. तू पुण्यात एकटा आहेस. खोलीचे भाडे किती आहे मला ठाऊक आहे. रात्री काय जेवलास असे आई विचारते तेव्हा तू "बाहेर खाल्ले" म्हणतोस, पूर्वी पदार्थाचे नाव सांगायचास.

मी चुकत असेन. चुकलो तर हसून सोडून दे. नसेन चुकत, तर मला सांगायला नको, आईला सांग, नाहीतर मनूला. काजूबियांचे पैसे यायचे आहेत, आणि शाळेच्या बसचा माझा पगार दहा तारखेला होतो.

मंगळवारी रात्रीच्या कदंब बसने पार्सल पाठवतो आहे. दहा किलो उकडा, तोरांची बरणी, कोकमाची सोलां, आणि राहिलेल्या नेवऱ्या. सकाळी बस पोचेल त्या वेळी स्टँडवर जा, कंडक्टर फार वेळ थांबत नाही. तांदूळ आईने निळ्या पिशवीत घातले आहेत. साडीच्या दुकानाचे नाव आता पुसट झाले आहे, पण शिवण पक्की आहे. ती पिशवी आईला परत हवी आहे, येताना घेऊन ये.

तुझा,
बाबा