सायकली न्यायच्या तर नेमक्या किती, ते आधी ठरव भो

प्रिय दोस्ता,

काय भो, कसं चाललंय? परवा तुझा फोन आला तेव्हा मी शेतात होतो, रेंजचा पत्ता नाही, पण तुटक तुटक ऐकून मुद्दा कळला. नवी गाडी आलीये, दिवाळीनंतर पोरांना घेऊन तोरणमाळला तंबू ठोकायचाय, आणि सायकली कशा न्यायच्या. फोनवर मी बोलायला लागलो की आपलं भलतीकडेच जातं, म्हणून निवांत लिहितोय. हे वाच आणि मग गाडीवर सायकली न्यायच्या कॅरियरला पैसे घाल, मी आधी घातले आणि मग शिकलो.

पहिल्या वेळेस तर मी काहीच विकत घेतलं नव्हतं. पाटणादेवीला निघालो होतो, टपावर गोधडी टाकली, त्यावर दोन सायकली आडव्या केल्या आणि नायलॉनची दोरी चारी खिडक्यांतून आत-बाहेर घेऊन करकचून आवळली. बांधून झाल्यावर बघतो तर एकही दरवाजा उघडेना! बायको आणि पोरं खिडकीतून आत शिरली, गल्लीतले लोक उभे राहून बघत होते, आमचे आबा तर ओट्यावर बसून नुसते हसत होते. पुढे चाळीसगाव यायच्या आत दोरी ढिली पडली आणि पायडलने टपाला असा खळगा पाडला की अजून पावसाचं पाणी साचतं त्यात.

मग घेतलं डिक्कीला बेल्टने अडकवायचं कॅरियर. स्वस्त पडतं, घडी होते, सायकल कमरेइतकीच उचलावी लागते, सगळं खरं. पण सायकली लटकवल्या की डिक्की उघडत नाही रे, आणि आपला चहाचा गंज, गॅस, तंबू सगळं डिक्कीत, म्हणजे रस्त्यात घोटभर चहा करायचा तर आधी सायकली उतरवा. नंबर प्लेट झाकली जाते, मागचे लाईट झाकले जातात, पोलिसाने हात केला तर आपण काय सांगणार? चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं तर गरम धुराने टायर खराब होतो ते वेगळंच. आणि माझ्या पोरीची लेडीज सायकल, तिला वरचा दांडाच नाही, मग ती कॅरियरच्या दोन हातांवर टेकणार कशी, तिला वेगळी आडवी नळी लावावी लागते. तुझ्या डिक्कीला वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर आहे ना? त्याच्यावर ते हूक बिलकुल अडकवू नको, तडकतो तो.

तू टो हूकवाल्या, म्हणजे गाडीच्या मागच्या ओढायच्या हुकाच्या जागी बसणाऱ्या कॅरियरचं विचारत होतास. ते अमेरिकेत बरोबर आहे, तिथं गाडीच्या मागे चौकोनी दोन इंची खोबण असते, त्यात कॅरियर सरकवला की काम झालं, उंच उचलायचं नाही, टपाला ओरखडा नाही. मला विचारशील तर सगळ्यात बेस्ट तेच. पण आपल्या गाड्यांना ती खोबण कंपनीकडून सहसा येत नाही आणि गॅरेजवाल्याकडून वेल्डिंग करून घेणं मला पटत नाही. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र काढून बुलबार, क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितली होती, ते पुढच्या गार्डचं होतं हे मान्य, पण चेसिसला हात लावायच्या आधी दहादा विचार कर.

राहिला टप. आता माझ्याकडे तेच आहे, दोन आडवे बार आणि त्यावर दोन ट्रे. यात दोन प्रकार असतात, एकात पुढचं चाक काढून सायकलचा पुढचा चिमटा ट्रेला घट्ट बसवायचा, दुसऱ्यात चाकासकट अख्खी सायकल उभी करायची. मी दुसरा घेतला, कारण काढलेलं चाक पुन्हा गाडीत कुठं ठेवायचं हा प्रश्न येतोच. गाडीच्या पुस्तकात टपावर किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं ते आधी बघ, आणि त्यात बार आणि ट्रेचंही वजन धरायचं हे लोक विसरतात. दोन मोठ्या सायकली 15-15 किलोच्या, वर कॅरियरचे बारा-तेरा, म्हणजे झालेच चाळीसच्या वर. बेल्ट वाऱ्याने फडफडून डोकं उठवतो, त्याला बांधताना एक पीळ दे, आवाज बंद. मायलेज मात्र पडतं, त्याला इलाज नाही.

आणि आता माझी फजिती ऐक, कोणाला सांगू नको. शिरपूरच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजीचा वास आला, भूक लागलेली, मी गाडी सरळ पत्र्याच्या शेडमध्ये घातली. वर सायकली आहेत हे साफ विसरलो! धाडकन आवाज, हँडल पत्र्यात घुसलेलं, ढाबेवाला चमचा हातात घेऊन बाहेर. पत्र्याचे पैसे दिले, शेवभाजी पण खाल्ली, पण घास काही गोड लागला नाही. तेव्हापासून कॅरियर लावला की स्टेअरिंगला चिठ्ठी चिकटवतो, "वर सायकली". तू पण घरी टेपने उंची मोजून ठेव, साधारण पावणेतीन मीटर भरते, रेल्वेच्या पुलाखाली ती लोखंडी आडवी कमान असते ना तिथं हा आकडा पाठ पाहिजे.

गाडीत आत टाकणं सगळ्यात सुरक्षित, ऊन नाही, चोरी नाही, पण मग मागचं सीट पाडावं लागतं आणि पोरं कुठं बसवणार? दोघंच गेलात तर तेच कर. पुढचं चाक काढ, गिअर वरच्या अंगाला ठेव, डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठा सरकव म्हणजे चुकून ब्रेक दाबला तरी पॅड चिकटत नाहीत. पायडल काढणार असशील तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, मी एकदा जोर लावून लावून पाना मोडलाय.

पण खरं सांगू का, तुम्ही चौघं म्हणून चार सायकली कशाला? मागच्या वेळी आमच्या दोन्ही मोठ्या सायकली तोरणमाळला टपावरून उतरल्याच नाहीत. पोरं यशवंत तलावाच्या काठाने दिवसभर हुंदडली, मी चूल फुंकत बसलो आणि बायकोने कळण्याच्या भाकरी थापल्या. इतका भार सात पायरी घाटातून वर नेला आणि तसाच खाली आणला! म्हणून तू पोरांच्या दोनच ने, बारा-बारा किलोच्या तर आहेत, टपावर चढवताना तुझी कंबरही धरणार नाही.

कॅरियर विकत घेऊच नको सध्या, माझा ने. बार तुझ्या टपाला बसतात का ते बघायला रविवारी गाडी घेऊन ये, जमलं तर तसाच लावून जा, पुढे तुम्ही धुळ्याहून दोंडाईचा, सारंगखेड्यावरून या, आम्ही चोपड्याकडून येतो, शहाद्याला भेटू. वहिनींना सांग भरताची वांगी मी आणतोय. आणि कॅरियरची चावी एकच आहे, ती हरवलीस तर सायकली टपावरच राहतील.

तुझाच,
जळगावकर